पाळी जाण्याच्या वयात बीपी का चढतं?

रात्री दोनला जाग येते. अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, पोलकं घामानं भिजतं, छातीत धडधडतं. सकाळी डोकं जड. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या बाईनं हे घरात बोलून दाखवलं की सासू, जाऊ नाहीतर शेजारीण उत्तर देते, "पाळी जाताना असाच होता, गप ऱ्हव." सावंतवाडीकडे हे मालवणीत ऐकू येतं, चिपळूणला वेगळ्या हेलात, अलिबागकडे आगरीत, सांगणं तेच. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण त्याच सुमारास तिचं बीपीही हळूहळू वर सरकू लागलेलं असतं आणि ते कुणी मोजत नाही, कारण सगळ्याचं खापर पाळीवर फोडून झालेलं असतं.

वाढलेल्या बीपीला स्वतःचं असं लक्षण बहुतेकदा नसतंच. वरचा आकडा १६० असताना बाई दिवसभर वाकून लावणी करते, गणपतीत पंचवीस-तीस माणसांचं रांधते, आणि तिला काहीही जाणवत नाही. म्हणून या वयात अंदाजानं काही ठरवू नये, दंडाला पट्टा बांधून मोजावं. हे का, ते नीट समजून घ्यायचं तर आधी शरीरात काय घडतं ते पाहू.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. भारतीय बायकांमध्ये हे सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. त्याआधीची काही वर्षं पाळीचा भरवसा नसतो. कधी पंधरा दिवसांत येते, कधी तीन महिने पत्ता नाही. या काळात इस्ट्रोजेन सरळ उतरत जात नाही. एखाद्या महिन्यात पूर्वीपेक्षाही वर उसळतं, पुढच्या महिन्यात कोसळतं. शेवटी अंडाशयातली बीजं संपत येतात आणि इस्ट्रोजेनची पातळी कायमची खाली जाते.

इस्ट्रोजेनचं काम फक्त गर्भाशयात चालतं अशी आपली समजूत असते. पण ते ओळखणाऱ्या पेशी रक्तवाहिन्यांत, किडनीत, मेंदूतही असतात. रक्तवाहिनीच्या आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी थोड्या प्रमाणात तयार करतं. त्यानं रक्तवाहिनीच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात, वाट रुंद होते आणि रक्त कमी दाबात वाहतं. (या वायूचं रक्ताभिसरणातलं काम उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना १९९८ चं नोबेल मिळालं.) इस्ट्रोजेन हा वायू तयार करायला मदत करतं. ते घटलं की वायू कमी पडतो, उलट वाहिन्या आवळणाऱ्या रसायनांचा जोर वाढतो आणि भिंती हळूहळू ताठर होऊ लागतात.

माडा-पोफळीच्या बागेत शिंपण्याचा पाइप आठवा. नवा असतो तेव्हा पंपाचा प्रत्येक झटका तो थोडा फुगून सोसतो. चार उन्हाळे उन्हात पडून कडक झाला की तोच झटका थेट जोडावर बसतो. आपल्या मोठ्या धमन्यांचंही असंच. म्हणून वाढत्या वयात बीपीचा वरचा आकडा वाढतो, खालचा मात्र तितकासा वाढत नाही, कधी उतरतोही. "खालचं ८० आहे ना, मग वरच्या १५० चं काय एवढं?" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. पन्नाशीनंतर तो वरचा आकडाच जास्त महत्त्वाचा.

किडनीकडेही बदल होतो. शरीरात पाणी आणि मीठ किती धरून ठेवायचं हे ठरवणारी हॉर्मोनची एक साखळी आहे, किडनीतल्या रेनिनपासून सुरू होणारी. इस्ट्रोजेन तिला थोडं आवरून धरतं. ते गेलं की साखळी मोकळी सुटते. परिणाम असा की तिशीत जेवढं मीठ खाऊन काही होत नव्हतं, तेवढंच मीठ आता बीपी वाढवू लागतं. शस्त्रक्रियेत अंडाशय काढलेल्या बायकांची आधी आणि नंतर तपासणी केली, तेव्हा हेच दिसलं होतं: वय तेच, माणूस तोच, पण मिठानं बीपी चढण्याची प्रवृत्ती बरीच वाढलेली.

शिवाय हृदयाचे ठोके वाढवणारी, वाहिन्या आवळणारी मज्जासंस्था या वयात जास्त जागी असते. चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते. वजनकाटा तेवढाच दाखवतो, पण परकर-नाडीची गाठ पुढे जाते. झोप मोडते. काही जणी घोरू लागतात, आणि घोरता घोरता श्वास अडखळत असेल तर तेही बीपीचं एक मोठं कारण आहे. बाईमाणसाच्या घोरण्यावर घरात हसतात, डॉक्टरांना मात्र कुणी सांगत नाही.

आता एक रास्त शंका. पन्नाशीत बीपी वाढलं तर ते वयानं वाढलं की पाळी गेल्यानं? पुरुषांचंही वाढतंच की. हे दोन धागे पूर्णपणे सोडवणं शास्त्रज्ञांनाही जमलेलं नाही, आणि पाळी गेली म्हणून दुसऱ्या दिवशी बीपी चढलं असं कधी होत नाही. पण १९९६ पासून अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणारा एक मोठा अभ्यास चालला आहे. त्यात दिसलं की शेवटच्या पाळीच्या आगेमागे साधारण वर्षभरात धमन्यांचा ताठरपणा वाढण्याचा वेग एकदम वाढतो. वाईट कोलेस्टेरॉलही त्याच सुमारास उडी घेतं. वय तर प्रत्येक वर्षी एकाच गतीनं वाढतं, मग ही उडी नुसत्या वयाची कशी असेल? चाळिशीपर्यंत बायकांचं बीपी सर्वसाधारणपणे पुरुषांपेक्षा कमी असतं. साठीच्या पुढे त्या पुरुषांना गाठतात आणि बऱ्याचदा मागेही टाकतात.

माझं मत असं की पाळी जाणं हे एकटं कारण क्वचितच असतं. घराण्यात बीपी, खाण्यात मीठ, वाढलेलं पोट, मशेरीची सवय हे आधीपासून असतंच. इस्ट्रोजेन असेतो ते झाकलेलं राहतं.

झाकलेल्या या गोष्टींतली एक बाई स्वतःही विसरून गेलेली असते. गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? पायांना सूज, लघवीतून प्रोटीन, "झटके येतील म्हणून लवकर मोकळी केली" असं काही? बाळंतपणानंतर बीपी उतरलं की विषय संपला असं वाटतं. पण अशा बायकांना पुढच्या आयुष्यात बीपी जडण्याची शक्यता इतरांच्या तीन ते चार पट असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं बाळंतपण माहेरी झालेलं, कागद तिथेच राहिलेले, आणि आजच्या डॉक्टरांना हे कुणी सांगितलेलं नाही. ते आपणहून सांगावं.

दुसरं, "पिशवी काढली" म्हणजे नक्की काय काढलं? बऱ्याच जणींना माहीत नसतं. नुसतं गर्भाशय काढलं तर पाळी थांबते, पण अंडाशय इस्ट्रोजेन बनवत राहतात. पाळी जाण्याची खरी वेळ पुढे येते, बहुधा इतरांपेक्षा थोडी लवकर. दोन्ही अंडाशयही काढले असतील तर इस्ट्रोजेन काही दिवसांतच कोसळतं आणि शरीराला सवय करून घ्यायला वर्षं मिळत नाहीत. पस्तिशी-चाळिशीत असं ऑपरेशन झालेल्या बाईनं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तेव्हापासूनच तपासत राहायला हवं. डिस्चार्ज कार्ड शोधून अंडाशय ठेवले की काढले हे डॉक्टरांकडून वाचून घ्या.

मीठ. इथे कोकणाला स्वतःचं असं बोलायला भरपूर आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. भारतात सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास खाल्लं जातं. आमटीत घातलेलं मीठ आपल्याला दिसतं. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधी करून ठेवायच्या, बेगमीतलं दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, तेव्हा डब्यातलं सुकं बाहेर येतं. यात फरक करायला हवा. बोंबील आणि जवळा बहुधा नुसत्या उन्हात वाळवतात. मिठाचा खरा साठा म्हणजे खारवलेला बांगडा, खारवलेली सुरमई. खारा बांगडा खायचाच तर दोन-तीन पाणी बदलून भिजत घालावा, कालवणात वेगळं मीठ घालू नये, आणि पेजेबरोबर रोजचं तोंडीलावणं म्हणून तो नको. ताजा मासा मिळत असेल तर प्रश्नच नाही.

मग मिठातली कैरी, लिंबाचं लोणचं, भरलेली सांडगी मिरची, फणसाचे पापड. उडदाच्या पापडात मीठ असतंच, वर पापडखार असतो आणि तोही सोडियमच. आगळातही, म्हणजे कोकमाच्या रसातही, मीठ घातलेलं असतं. त्याची सोलकढी करताना हातानं सवयीनं आणखी चिमूटभर पडतं. त्यापेक्षा सुकी सोलं भिजवून केलेली कढी बरी, मीठ आपल्या हातात राहतं. "उन्हाळ्यात एवढा घाम जातो, मीठ नको का?" हा प्रश्न इथल्या दमट हवेत साहजिक आहे. पण रोजच्या ७-८ ग्रॅममध्ये घामाची भरपाई केव्हाच होऊन जाते. शेंदेलोण, काळं मीठ, मिठागरावरचं जाडं मीठ ही सगळी मुख्यतः सोडियम क्लोराइडच. बीपीसाठी वेगळी मानू नका.

कमी करून उपयोग किती? बीपी असलेल्या माणसानं रोजचं मीठ चार-पाच ग्रॅमनी उतरवलं तर वरचा आकडा साधारण ५ ने खाली येतो. ऐकायला थोडं वाटतं, पण ते औषधाच्या जोडीला मिळतं, आणि पाळी गेलेल्या बाईला मिठाचा त्रास जास्त तसा ते कमी केल्याचा फायदाही जास्त. पोटॅशियम सोडियमच्या उलट काम करतं. केळी, शहाळं, कुळीथ, पालेभाज्या यांतून ते मिळतं. बाजारातल्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर ते मीठ आणि रोजचं शहाळं दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण रक्तातलं पोटॅशियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं.

मशेरीबद्दल थोडं रोखठोक. तो भाजलेला तंबाखू आहे. दात घासून थुंकला तरी निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात. आईसमोर, सुनेसमोर लपवून दिवसातून चार वेळा मशेरी लावणाऱ्या बायका तपासणीत मात्र "व्यसन काही नाही" असंच सांगतात. डॉक्टरांनीही "सिगारेट-दारू?" एवढंच विचारलेलं असतं.

गुडघेदुखी याच वयात सुरू होते. मेडिकलवाल्याकडून आणलेली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनची गोळी रोज घेतली तर बीपी चढतं आणि बीपीच्या काही गोळ्यांचा परिणामही कमी होतो. खोकल्यासाठी, घशासाठी ज्येष्ठमध बरेच दिवस चघळलं तरी बीपी वाढतं. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असं समजू नये. गॅससाठी पाण्यात फसफसणारी पूडही सोडियमचीच.

व्यायामाचं थोडक्यात: ज्या बाईनं घाटी चढून हंडे आणले, तिला मॉर्निंग वॉकचं व्याख्यान देण्यात अर्थ नाही. पण आता नळ दारात आला, गॅस-मिक्सर आला, शेत काहींनी पडीक टाकलं, मुलं मुंबईला गेली. ती हालचाल गेली आणि जेवण तेवढंच राहिलं. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं पुरे.

आता परत त्या वाफांकडे. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र इस्ट्रोजेन घटल्यावर हळवं होतं. शरीर जरासं तापलं तरी ते फार तापलंय असं समजून कातडीखालच्या वाहिन्या उघडतं आणि घाम फोडतं. म्हणजे वाफ येते त्या क्षणी वाहिन्या पसरलेल्या असतात. बीपी तेव्हा चढत नाही, बऱ्याचदा किंचित उतरतं. त्यामुळे "वाफ आली, बीपी चढलं वाटतं" म्हणून घाईघाईनं नवऱ्याची गोळी तोंडात टाकणं चूक. उलटही लक्षात ठेवावं: ज्यांना वाफा फार आणि वर्षानुवर्षं येतात, त्यांच्यात बीपी आणि हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं आहे. वाफा येतात म्हणून बीपी नाही असंही नाही आणि आहे असंही नाही. मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही.

मोजायची एक पद्धत आहे, आणि ती पाळली नाही तर आकडा सहज दहा-पंधरानं फसवतो. उपकेंद्रापर्यंत चढण चढून आलात तर आधी पाच मिनिटं शांत बसा. लघवी करून घ्या. अर्ध्या तासात चहा किंवा मशेरी झालेली नसावी. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, मांडीवर मांडी नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर हवा. ब्लाउजची घट्ट बाही वर सारली की दंड आवळला जातो, म्हणून त्या दिवशी सैल बाहीचा ब्लाउज घालून जावं. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोजताना बोलायचं नाही, आशाताईंशीसुद्धा. मिनिटभरानं दुसऱ्यांदा मोजा.

दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं तर ते उच्च रक्तदाब. घरी मोजत असाल तर हीच रेषा १३५/८५. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदोनदा मोजून वहीत लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती वही डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते. मनगटाचं यंत्र घेऊ नका, दंडाचं घ्या. १८०/१२० च्या पुढे आकडा आणि सोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यांतलं काही असेल तर मोजत बसू नये, थेट १०८ ला फोन.

तपासणीला खर्च नाही. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर सरकारी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. देशभर बीपी नियंत्रणाचा जो उपक्रम २०१७ च्या अखेरीस हाती घेतला, त्याच्या पहिल्या २५ जिल्ह्यांत आपला सिंधुदुर्गही होता. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन या गोळ्या त्यातूनच गावपातळीवर आल्या.

मग इस्ट्रोजेन कमी पडलं म्हणून बाहेरून दिलं तर बीपी उतरेल का? तर्कानं उतरायला हवं, पण तसं होत नाही. तोंडानं घेतलेली गोळी आधी लिव्हरमधून जाते आणि तिथे बीपी वाढवणाऱ्या साखळीचा कच्चा माल जास्त बनतो. कॅनडात १ लाखाहून जास्त बायकांच्या नोंदी तपासून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेणाऱ्यांत कातडीवर लावायचं इस्ट्रोजेन वापरणाऱ्यांपेक्षा बीपी जडण्याचं प्रमाण १४ टक्के जास्त दिसलं. हॉर्मोन उपचार वाफांनी जीव हैराण झालेल्यांसाठी आहे आणि त्यांना त्याचा खरंच आराम पडतो, तो नाकारायचं कारण नाही. पण बीपीचं औषध म्हणून तो देत नाहीत, आणि वाफांसाठी घ्यायचा तरी आधी बीपी ताब्यात हवं. पट्टी किंवा जेल मिळेल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारायला संकोचू नका.

बीपीच्या गोळ्यांचे काही त्रास बायकांना जास्त होतात, हे आधी माहीत असलेलं बरं. अॅम्लोडिपिननं घोट्यांना सूज येते. रामिप्रिल, एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागतो. लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्यांनी रक्तातलं सोडियम कधी फार उतरतं, थकवा आणि गोंधळल्यासारखं होतं. पण त्याच गोळ्या लघवीतून जाणारं कॅल्शियम वाचवतात, जे या वयातल्या हाडांना हवंच असतं. यांतल्या कुठल्याही त्रासावर डोस कमी करणं, गोळी बदलणं किंवा दोन गोळ्यांची जोडी असा काही ना काही उपाय आहे. बायका करतात भलतंच: सूज आली की गोळी बंद, आणि डॉक्टरांना विचारलं तर ते ओरडतील म्हणून पुढच्या तारखेलाही जायचं नाही. नाहीतर नवऱ्याची गोळी चाकरमान्यांबरोबर मुंबईहून महिन्याची येते, त्यातलीच अर्धी. त्याची गोळी त्याची साखर, त्याची किडनी पाहून लिहिलेली असते. तिच्या नावाचा कागद वेगळा निघायला हवा, आणि दर महिन्याच्या गोळ्या आणायच्या यादीत तिचं नावही हवं.